गंभीर सिनेमातला समलिंगी माणूस शेवटी मरतोच का?

रात्रपाळी | १९ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४२

काल ‘अलीगढ’ दुसऱ्यांदा पाहिला, समलिंगी संबंधांवरून अलीगढच्या विद्यापीठाने निलंबित केलेल्या प्रा. सिरस ह्यांच्यावरचा. पहिल्यांदा २०१६ मध्ये थिएटरात पाहिला होता, तेव्हा मनोज बाजपेयीचं काम बघूनच गार झालो होतो, बाकी काही सुचलं नव्हतं. ह्या वेळी मात्र एक गोष्ट डाचत राहिली, म्हणून हा धागा.

तो गाण्याचा प्रसंग आठवतोय का? रात्र, अंधारी खोली, हातात ग्लास. ‘आप की नज़रों ने समझा’ चालू आहे. प्रा. सिरस लताबाईंच्या मागोमाग गुणगुणतात, स्वतःतच हरवलेले. बस्स, एवढंच. साठी उलटलेला एकटा माणूस असंच गाणं ऐकतो, मग तो कोणीही असो. तेवढ्या वेळात तो ‘समलिंगी पात्र’ उरतच नाही. आणि मग सिनेमाला पुन्हा आठवतं की ह्याला आपल्याला मारायचंय.

हो, खरे सिरस गेलेच. १ एप्रिल २०१० ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. त्यामुळे इथे दिग्दर्शक हंसल मेहताला बोल लावण्यात अर्थ नाही. पण डोक्यात यादी सुरू झाली ती थांबेना. ‘ब्रोकबॅक माउंटन’मध्ये जॅक मरतो. ‘द चिल्ड्रन्स अवर’मध्ये मार्था गळफास घेते. ‘फिलाडेल्फिया’त टॉम हँक्स एड्सने जातो. आपल्याकडे तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ नाटकातली मित्रा, तीही जीव देते. गंभीर वळणाच्या गोष्टीत समलिंगी माणूस आला की मध्यंतरापासूनच मी त्याच्या मरणाची वाट बघायला लागतो. विनोदी सिनेमात तो मरत नाही खरा, पण तिथे मनगट वाकडं करून हिंडत असतो, ते त्याहून वाईट.

तर प्रश्न असा: हा अंधार खरा आहे, की ही नुसती आळशी पटकथा आहे?

अवांतर: मूळचा नागपूरचा माणूस, मराठीचा प्राध्यापक, मराठी कवी, ‘पायाखालची हिरवळ’ला महाराष्ट्र साहित्य परिषदेचं पारितोषिक. आणि त्याच्यावरचा सिनेमा हिंदीत. आपण काय करत होतो?

भाजणी | १९ ऑगस्ट, रात्री ११:५८

>>आपण काय करत होतो?

२०१६ ना? ‘सैराट’ बघत होतो. त्यातही शेवटी दोघं मरतातच की. तेव्हा कोणी ‘सरळ जोडपी शेवटी मरतातच का’ म्हणून धागा काढला नव्हता. कृपया हलके घ्या.

रात्रपाळी | २० ऑगस्ट, रात्री १२:०७

भाजणी, ‘सैराट’ बघून बाहेर आलो की पुढच्या शुक्रवारी दहा सिनेमांत हीरो-हिरॉईनचं लग्न लागलेलं असतं. ह्यांना तो पुढचा शुक्रवार मिळत नाही, एवढाच फरक आहे.

भाजणी | २० ऑगस्ट, रात्री १२:०९

दंडवत. झोपते.

फ्रेममास्तर | २० ऑगस्ट, सकाळी ८:१५

आळशी नाही, लावलेली सवय आहे. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून निर्मितीची आचारसंहिता (हेज कोड) काटेकोरपणे लागू झाली. समलिंगी संबंध दाखवायचेच नाहीत, सुचवायचेही नाहीत. पण पळवाटा असतातच. हिचकॉकचा ‘रोप’ (१९४८) बघा. दोन तरुण एकाच घरात राहतात, मिळून एकाचा खून करतात, प्रेत पेटीत ठेवतात आणि त्याच पेटीवर पाहुण्यांचं जेवण मांडतात. ते एकमेकांचे कोण हे एका शब्दाने सांगितलेलं नाही, तरी कळतं. शब्द चालत नव्हता, खून चालत होता!

१९६१ च्या शेवटाला संहिता जरा सैल केली: विषय घ्या, पण जपून, संयमाने. त्याच वर्षी ‘चिल्ड्रन्स अवर’ आला. म्हणजे दार किलकिलं झाल्याझाल्या आत आलेली पहिली बाई आढ्याला लटकलेली. १९६८ ला संहिता गेली, सवय मागे राहिली. व्हिटो रुसोच्या ‘द सेल्युलॉइड क्लोजेट’ (१९८१) ह्या पुस्तकाच्या शेवटी तर चक्क मृतांची यादी आहे. पात्र कोण, सिनेमा कोणता, मरण कसं आलं.

बाकी अंधार म्हणाल तर हल्लीचे गंभीर सिनेमे शब्दशः इतके काळोखे असतात की मोबाइलवर कोण कोणाला मारतंय तेच दिसत नाही.

सरळमार्गी | २० ऑगस्ट, सकाळी ९:३०

मरतात म्हणून तक्रार, जगले तर ‘वास्तव नाही’ म्हणून तक्रार. मला वेगळाच प्रश्न पडतो. हल्ली प्रत्येक वेब सिरीजमध्ये एक तरी ‘तसला’ घुसवलेलाच असतो. कथेची गरज नसते. कोणाला खूश करायला करतात हे? मी कोणाच्या विरोधात नाही, ज्याने त्याने घरात काय हवं ते करावं.

भाजणी | २० ऑगस्ट, सकाळी ९:३४

आयडी वाचून प्रतिसाद वाचला, प्रतिसाद वाचून पुन्हा आयडी वाचला. हसून हसून पुरेवाट.

काळाकोट | २० ऑगस्ट, सकाळी १०:२०

>>घरात काय हवं ते करावं

सिरस घरातच होते हो. फेब्रुवारी २०१० मध्ये लोक कॅमेरे घेऊन त्यांच्या घरात शिरले. आणि तेव्हा तो गुन्हाही नव्हता. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ लाच काढलेली होती. तरीही विद्यापीठाने गैरवर्तन म्हणून निलंबित केलं.

गंमत पुढे आहे. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सिनेमा आला २०१६ ला. म्हणजे पडद्यावरचा माणूस ज्या कायद्याखाली निर्दोष होता, तो कायदा पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी परत उलटा झालेला होता. मी तेव्हा थिएटरात होतो. कोर्टातल्या प्रसंगात वकील तावातावाने भांडतायत आणि सिरस पेंगतायत, तिथे मागून एकजण हसला आणि मग एकदम गप्प झाला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा पुन्हा रद्द केला, त्यानंतर पाहणाऱ्यांना तो सिनेमा वेगळा दिसणार.

टेम्सकाठ | २० ऑगस्ट, दुपारी ४:५०

इकडची भर घालते. ‘व्हिक्टिम’ (१९६१), डर्क बोगार्ड. लंडनमधला नावाजलेला बॅरिस्टर, लग्न झालेलं, आणि समलिंगी लोकांना धमकावून पैसे उकळणारी टोळी. ज्या पोराला त्याच्यापायी धमक्या येत असतात तो पोलीस कोठडीत गळफास घेतो. तेव्हा इंग्लंडात हा गुन्हाच होता, कायदा बदलला १९६७ ला. सिनेमा रहस्यपटासारखा चालतो, ओल्या रस्त्यांवरच्या दिव्यांसकट. पण त्यात एक मोठी गोष्ट आहे. मरणारा मेल्यानंतर बोगार्ड गप्प बसत नाही. आपलं करिअर जाणार हे माहीत असून कोर्टात उभा राहायचं ठरवतो.

बोगार्ड तेव्हा इकडचा चॉकलेट हीरो होता, मुली मागे धावायच्या. त्याने ही भूमिका घेतली. स्वतः आयुष्यभर एका पुरुषाबरोबर राहिला आणि त्याबद्दल शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

त्यामुळे रात्रपाळी, ‘मरतो की नाही’ ही मोजपट्टी मला अपुरी वाटते. कोणासाठी मरतो ते बघा.

रात्रपाळी | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६:१२

‘कोणासाठी मरतो’ हे पटलं. ‘ब्रोकबॅक’मध्ये तर जॅक कसा मेला हेही नक्की कळत नाही. बायको फोनवर सांगते, टायर फुटून अपघात झाला. आणि जॅकचा प्रियकर एनिस, त्याच्या डोळ्यांसमोर जॅकला झोडपणारी माणसं येतात. कारण लहानपणी एनिसच्या बापाने त्याला मुद्दाम नेऊन असं एक प्रेत दाखवलेलं असतं. खरं काय हे सिनेमा सांगतच नाही. ही पटकथा आळशी म्हणवत नाही.

आणि ते दोन शर्ट! जॅकच्या शर्टाच्या आत एनिसचा शर्ट. शेवटच्या दृश्यातही तेच, कपाटाच्या दारावर.

फ्रेममास्तर | २० ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

चुकलात. जॅकच्या घरी सापडतात तेव्हा एनिसचा आत असतो, जॅकचा वर. शेवटी एनिसच्या ट्रेलरमध्ये उलटं आहे: जॅकचा आत, एनिसचा वर. त्याने तो अदलाबदल करून टांगलाय. सिनेमा ह्याबद्दल एक शब्द बोलत नाही. परत बघा.

रात्रपाळी | २० ऑगस्ट, रात्री ९:०५

बघितलं. बरोबर आहे. वीस वर्षं चुकीचं लक्षात ठेवलं होतं. आता झोप येणार नाही.

अण्णा_वाई | २१ ऑगस्ट, सकाळी ७:०५

‘मित्राची गोष्ट’चा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी ते नाटक १९८१ साली मुंबईत पाहिलं आहे. विनय आपटेचं दिग्दर्शन, रोहिणी हट्टंगडी मित्रा. मी तेव्हा बँकेत नवीन लागलेलो, तिकीट एका सहकाऱ्याने गळ्यात मारलं होतं. विषय काय ते माहीत नव्हतं. मध्यंतरात वड्याच्या रांगेत माझ्या पुढचे गृहस्थ बायकोला हळूच म्हणाले, “असं काही असतं का गं?” बाई म्हणाल्या, “असतं. पुढे सरका.”

मित्रा शेवटी जीव देते हे तुम्ही लिहिलंत. पण मला तेव्हापासून खटकलेली गोष्ट वेगळी आहे. ती गोष्ट मित्रा सांगत नाही, बापू सांगतो. तिच्यावर जीव असलेला, भिडस्त, सगळं बघणारा आणि फारसं काही न करणारा बापू. आपण प्रेक्षक म्हणजे बापूच. तेंडुलकरांनी ते जाणूनबुजून केलं असणार, ते काही भोळे नव्हते. पण पुढच्यांनी ती रचना जशीच्या तशी उचलली. ‘अलीगढ’मध्ये तरुण पत्रकार. पालेकरांच्या ‘थांग’मध्ये (२००६) बायको, नवरा मित्राबरोबर दिसतो आणि पुढचा सिनेमा तिचा. मृणाल कुलकर्णीने काम सुरेख केलंय, बायकोचं दुःखही खरं. पण त्या नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्याकडे ह्या माणसाची गोष्ट कायम शेजारचा सांगतो. आणि शेजाऱ्याला गोष्ट पुरी करायची तर माणूस एकतर गेलेला हवा, नाहीतर घर सोडून तरी.

टेम्सकाठ | २१ ऑगस्ट, दुपारी २:०५

अण्णा, _/\_ “असतं. पुढे सरका.” हे मी फ्रीजवर लावणार आहे.

मिरजेचा_सतारवाला | २१ ऑगस्ट, दुपारी ३:३३

‘उंबरठा’ (१९८२) विसरलात सगळे. महिलाश्रमातल्या दोघींचं नातं उघडं पडतं तो भाग. स्मिता पाटील. आणि ‘नटरंग’?

फ्रेममास्तर | २१ ऑगस्ट, दुपारी ३:५१

‘नटरंग’मधला गुणा समलिंगी नाही. त्याला बायको आहे, तमाशापायी तो नाच्या होतो.

मिरजेचा_सतारवाला | २१ ऑगस्ट, दुपारी ४:००

तेच म्हणतोय. नसतानाही त्याचे जे हाल होतात ते बघा. बायल्या दिसला एवढं पुरतं. मग असणाऱ्याचं काय होत असेल?

सरळमार्गी | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४५

माझ्या प्रतिसादाची खिल्ली उडवून झाली असेल तर एक विचारतो. खलनायक समलिंगी दाखवला की तुम्ही लोक चिडता. मग काय सगळे संतच दाखवायचे? ‘क्रूझिंग’ला म्हणे शूटिंग चालू असतानाच विरोध झाला होता. सिनेमा पाहायच्या आधीच! मग दोन जावांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ची थिएटरं फोडणाऱ्यांत आणि ह्यांच्यात फरक काय?

फ्रेममास्तर | २१ ऑगस्ट, रात्री ८:३०

प्रश्न रास्त आहे, टिंगल करणार नाही. १९७९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये ‘क्रूझिंग’चं शूटिंग चाललं होतं, अल पचिनो पोलिसाच्या भूमिकेत. समलिंगी वस्तीतल्या लोकांनी शिट्ट्या आणि भोंगे वाजवून इतका गोंधळ घातला की बरेचसे संवाद नंतर डब करावे लागले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्यावर वर्षानुवर्षं सिनेमा नाही, आणि जो येतो त्यात आम्ही एकमेकांना भोसकतोय. मला सिनेमा थांबवणं पटत नाही, तेव्हाचंही नाही. पण शिट्टी आणि दगड ह्यात फरक आहे.

‘सडक’मधली महाराणी आठवा. सदाशिव अमरापूरकरांनी ते पात्र असं उभं केलं की फिल्मफेअरचं खलनायकाचं पहिलंवहिलं पारितोषिक त्यांना मिळालं. (महाराणी तृतीयपंथी आहे, समलिंगी नव्हे, पण १९९१ च्या प्रेक्षकाला हा फरक करायला कोणी शिकवलं होतं?) काम अव्वल. आणि त्यानंतर माझ्या वर्गातल्या एका नाजूक मुलाला पाच वर्षं ‘महाराणी’ म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, मीही म्हणायचो.

काळाकोट | २१ ऑगस्ट, रात्री ८:५८

‘फायर’चा विषय निघालाच आहे तर एक बघा. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत थिएटरं फुटली. (कोणी फोडली ते सगळ्यांना माहीत आहे, धागा उडायला नको म्हणून लिहीत नाही.) त्यात राधा आणि सीता शेवटी जिवंत असतात. आगीतून वाचून एकमेकींना भेटतात. दगड पडले ते त्या सिनेमावर. म्हणजे दोघींतली एक मेली असती तर कदाचित कोणाचं काही बिघडलं नसतं.

भाजणी | २१ ऑगस्ट, रात्री ९:१०

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. माझ्यासारखी बाई!

सरळमार्गी | २१ ऑगस्ट, रात्री ९:२४

तर्क ओढूनताणून आहे. ‘फायर’ला विरोध झाला तो नावांमुळे आणि जावाजावा दाखवल्यामुळे. पण मुद्दा टिपून ठेवला.

पोटोबा | २२ ऑगस्ट, सकाळी ११:४०

‘पॉवर ऑफ द डॉग’ कोणी घेतलाच नाही! १९२५ चं मोंटाना (चित्रीकरण न्यूझीलंडचं), जेन कॅम्पियनला दिग्दर्शनाचं ऑस्कर. कंबरबॅच राकट गुराखी, सगळ्यांना छळतो, स्वतःचं गुपित झाडीत लपवून ठेवलेलं. आणि तो कागदाची फुलं करणारा सडपातळ पोरगा, ज्याला तो येता-जाता हिणवतो. शेवटी रोगट जनावराच्या कातड्यातून तो पोरगाच त्याला...

भाजणी | २२ ऑगस्ट, सकाळी ११:४३

अरे ए!!! स्पॉयलर!!! शनिवारी बघणार होते!

पोटोबा | २२ ऑगस्ट, सकाळी ११:४७

सॉरी सॉरी. सिनेमा चार वर्षं जुना आहे हो. असो. म्हणणं एवढंच की इथे ‘बिचारा’ कोणीच नाही. ज्याला आपण बळी समजतो त्याचे हात सगळ्यात थंड. अंधार असावा तर असा.

निनावी_७७ | २३ ऑगस्ट, रात्री १:५०

तीन वर्षं नुसता वाचतोय, हा पहिला प्रतिसाद. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी समलिंगी आहे. तालुक्याच्या गावात राहतो, शिक्षक आहे, ह्याहून जास्त सांगत नाही. २००६ साली इंजिनिअरिंग सोडून बी.एस्सी.ला आलो होतो, हॉस्टेलवर चौघांत एक संगणक. ‘ब्रोकबॅक’ची कॉपी केलेली सीडी एका सायबर कॅफेवाल्याकडून चाळीस रुपयांना आणली. वर पेनाने ‘काऊबॉय’ एवढंच लिहिलेलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाकीचे तिघे झोपल्यावर हेडफोन लावून बसलो. स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी कमी केला. फ्रेममास्तर म्हणतात तसा काळोखा सिनेमा मी तेव्हाच पाहिलाय, स्वतःच केलेला.

तंबूतल्या प्रसंगाला मागून आवाज आला, “काय बघतोय रे?” मी खिडकी बदलली, मागे क्रिकेटचा गेम तयारच ठेवला होता. तो म्हणाला, “रात्री दोन वाजता मॅच?” आणि पाणी पिऊन झोपला. मी अर्धा तास तो गेम खेळलो. हात थरथरत होते, सगळ्या विकेटी गेल्या.

मग पुढचा सिनेमा पाहिला. आणि शर्टांपाशी पोचलो तेव्हा रडलो, तोंडात उशीचं टोक धरून. जॅक मेला म्हणून नाही. दोन पुरुषांनी एकमेकांचे शर्ट सांभाळून ठेवावेत इतकं कोणी कोणाचं असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला ‘मराल’ हे सांगायला सिनेमा नको होता, ते मला गावाने सांगून झालं होतं. सिनेमाने त्यातली दुसरी गोष्ट सांगितली.

म्हणून रात्रपाळी, तुमचा राग समजतो, पण अंधार काढून टाकू नका. सगळे हसतखेळत नांदतायत असा सिनेमा मी बघतो तेव्हा छान वाटतं आणि तासाभराने विसरतो. ‘लव्ह’ (सुधांशू सरियाचा, महाबळेश्वरला जातात तो) विसरलो नाही. त्यात ज्याच्यावर जीव आहे तोच जबरदस्ती करतो. पोलीस नाही, कायदा नाही, समाज नाही, खोलीत दोघंच. आमच्यातही असं होतं, हे कोणी तरी सांगायला हवं होतं. आणि तो मरत नाही. त्या दिवसाची संध्याकाळ होते आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसावं लागतं. ते बघणं मरणापेक्षा अवघड आहे.

अण्णांचं मात्र सोळा आणे खरं. शेजाऱ्यांनी सांगणं थांबवावं.

अण्णा_वाई | २३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

वाचलं. पुन्हा वाचलं. आम्ही शेजारी आता जरा गप्प बसतो. तुम्ही लिहीत जा.

रात्रपाळी | २३ ऑगस्ट, सकाळी ९:२०

निनावी, धागा काढला तेव्हा हे डोक्यात नव्हतं. मी प्रेतं मोजत बसलो होतो.

सरळमार्गी | २३ ऑगस्ट, सकाळी १०:०२

चाळीस रुपये फार झाले. आमच्या इथे पंचवीसला मिळायची.

भाजणी | २३ ऑगस्ट, सकाळी १०:०५

ह्या माणसाची माफी मागायची पद्धत बघा!

टेम्सकाठ | २३ ऑगस्ट, दुपारी १:१५

निनावी, जेवायला बसण्यावरून आठवलं. ‘मूनलाइट’ पाहिलाय का? (तोच, ज्याच्या ऑस्करला आधी ‘ला ला लँड’चं नाव पुकारलं.) गरिबी, नशा, आईचं व्यसन, शाळेतली मारहाण, तुरुंग, सगळा काळोख आहे. आणि तिसऱ्या भागात तो आडदांड झालेला शायरॉन वर्षांनी मित्राच्या हॉटेलात येऊन बसतो. केव्हिन त्याच्यासाठी ताट करतो. भाताची मूद पाडतो, चक्क आपल्यासारखी मूद! वर कोथिंबीर भुरभुरतो. कॅमेरा फक्त ते हात बघतो. इतक्या वर्षांचं प्रेम आहे आणि सांगायला शब्द नाहीत, म्हणून मूद. दोघेही शेवटी जिवंत आहेत, पण सिनेमा गोड नाही. रात्रपाळीच्या मूळ प्रश्नाला हे उत्तर चालेल का?

पोटोबा | २३ ऑगस्ट, दुपारी १:२२

भूक लागली.

मिरजेचा_सतारवाला | २३ ऑगस्ट, दुपारी २:४०

सचिन कुंडलकरच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (कादंबरी २००६ ची) तनय स्वतः बोलतो, बहीणही स्वतः बोलते. दोघांचा जीव एकाच भाडेकरूवर. तो निघून जातो, मरत नाही. शेजारी नाही, अण्णा! पण नेटफ्लिक्सवर सिनेमा आला तेव्हा पुण्याचं घर जाऊन कोची आलं. दिसायला सुंदर, पण माझा पुणेरी जिना कुठे गेला?

काळाकोट | २३ ऑगस्ट, दुपारी ३:०५

आता ‘साबर बोंडं’ (म्हणजे निवडुंगाची फळं) येतोय ना थिएटरात. रोहन कानवडेचा. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि तिथे पोचलेला तो पहिला मराठी सिनेमा. मुंबईतला आनंद बापाच्या दहा दिवसांसाठी गावी जातो, तिथे लहानपणीचा बाळ्या भेटतो. मृत्यू आहे, पण मरणारा वडील. बघू या.

(धागा खाली गेला होता, वर काढला आहे.)

आईसाहेब_ठाणे | २४ सप्टेंबर, दुपारी १२:१०

सर्वांना नमस्कार. मी मुख्यतः पाककृतींच्या धाग्यांवर असते. शोधताना हा धागा सापडला, पूर्ण वाचला.

माझ्या मुलीने गणपतीच्या आधी मला सांगितलं, की ती लग्न करेल तर मुलीशीच. मी आधी दूध उतू जाऊ दिलं. मग जवळ घेतलं. ह्यांना तिने स्वतः सांगितलं. हे ‘बरं’ म्हणाले आणि तेव्हापासून घरात फार शांतता आहे. भांडण नाही, काही नाही. टीव्हीचा आवाज तेवढा असतो.

मला एवढंच विचारायचं आहे की तिघांनी मिळून बघता येईल असा कुठला सिनेमा आहे? पोरगी मरते असा नको. मी चर्चेतलं सगळं समजू शकले नाही, पण तेवढं नको.

भाजणी | २४ सप्टेंबर, दुपारी १२:१८

ताई, ‘साबर बोंडं’ १९ तारखेला लागलाय. जा. दोन मुलगे आहेत, मुली नाहीत, पण आई आहे. तुम्हाला त्यातली आई आवडेल. (स्पॉयलर नाही देत, पोटोबासारखी नाही मी.)

निनावी_७७ | २४ सप्टेंबर, दुपारी ४:०२

माझ्या इथे लागला नाही. दोनशे किलोमीटर जाऊन पाहून आलो. ताई, जा तुम्ही. पार्श्वसंगीत नाही सिनेमात, आधी जरा संथ वाटेल, साहेबांना सांगून ठेवा.

सरळमार्गी | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

सकाळचा शो बघा, तिकीट स्वस्त असतं. गर्दी नसते.

आईसाहेब_ठाणे | २९ सप्टेंबर, रात्री १०:२५

काल गेलो. हे येणार नव्हते, मग चपला घालून दारात उभे राहिले. थिएटरात आम्ही धरून अकरा माणसं. सुतकाचे नियम, भावकीची कुजबुज, ‘आता लग्नाचं बघा’, सगळं अगदी आमच्या गावाकडचं. मुलगी माझ्या आणि ह्यांच्या मधे बसली होती. मी पडद्याकडे कमी आणि ह्यांच्याकडे जास्त बघत होते. हे एकदाही हलले नाहीत. मला वाटलं झोपले.

येताना गाडीत कोणी बोललं नाही. माजिवड्याच्या सिग्नलला हे म्हणाले, “आमच्या बांधावर होती ही बोंडं. मी आणि दिग्या खायचो. काटे कसे काढायचे ते विसरलो.” मुलगी म्हणाली, “बाबा, मी शोधते फोनवर.” तिला काही नीट सापडलं नाही. दिवाळीत गावी जाणार आहोत. कोणाला माहीत आहे का?

अण्णा_वाई | ३० सप्टेंबर, सकाळी ६:४०

हाताने तोडू नये, चिमट्याने किंवा फाटक्या काठीने पिळून काढावं. मग वाळूत नाहीतर गोणपाटावर लोळवायचं, आणि वरून पाल्याने नाहीतर केरसुणीने झाडायचं, चांगलं खसाखसा. मोठे काटे दिसतात, बारीक कुसं दिसत नाहीत आणि तीच बोटात राहतात, म्हणून फडक्यात धरूनच सोलावं. एकाने धरायचं, दुसऱ्याने सोलायचं, म्हणजे सोपं जातं. तोंड लालभडक होतं. पांढरा शर्ट घालून बसू नका म्हणावं साहेबांना.